केळशीच्या खाडीजवळचे वडिलोपार्जित घर विकायचे आहे. त्याआधी काय काय करून घ्यावे?

माजघर

नमस्कार. दापोली तालुक्यात, केळशीच्या खाडीच्या अलीकडे असलेल्या एका वाडीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि ओटी, आत माजघर, मागे न्हाणीघर आणि वापरात नसलेला गोठा, परसात विहीर आणि भोवताली सगळी मिळून २२ गुंठे जागा असा त्याचा पसारा आहे. जागेत हापूसची जुनी कलमे, एक मोठा फणस, माड आणि थोड्या पोफळी आहेत. वडील गेल्यापासून आई पुण्याला आमच्याकडे असते, गणपतीही आता पुण्यातच बसतो, त्यामुळे घर बहुतेक काळ बंद राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले तेव्हा वाडीतल्या इतर घरांप्रमाणे आमचीही बरीच कौले उडाली आणि दोन माड गोठ्यावर कोसळले. त्या पावसाळ्यापुरते म्हणून पडवीवर आणि मागच्या बाजूला पत्रे घातले, ते अजून तसेच आहेत.

आम्ही तिघे भावंडे आहोत. मी पुण्यात, बहीण ठाण्याला आणि धाकटा भाऊ कॅनडात असतो. घर विकावे यावर आमचे आणि आईचे एकमत झाले आहे, कारण वर्षाकाठी त्याच्या डागडुजीला जाणारा पैसा आणि तिथे कोणीच न राहणे यांचा मेळ बसत नाही. परिसरातल्या एका दलालाला घर दाखवले तेव्हा त्याने सुचवले की पडवीला काचा लावून ती बंद करावी, ओटीवर चकचकीत फरशी बसवावी, भिंतींना तैलरंग द्यावा आणि खाडीच्या बाजूची झाडी साफ करावी, म्हणजे ओटीवरून पाणी दिसेल आणि मुंबईचे गिऱ्हाईक सांगू ती किंमत देईल. हा खर्च काही लाखांत जातो. तो आधी करणे शहाणपणाचे आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कागदांचा आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांचीच नावे आहेत. ग्रामपंचायतीची घरपट्टी मात्र वडिलांच्या नावाने येते. घरपट्टी नावावर आहे म्हणजे घर तुमचेच, बाकीचे गिऱ्हाईक मिळाल्यावर करता येईल, असे दलालाचे म्हणणे आहे. ज्यांनी कोकणातले घर विकले आहे, विकत घेतले आहे किंवा अशा कामांत ज्यांचा हात आहे, त्यांनी कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे हे कृपया सांगावे.

नोंदवही

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली असल्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते मिटल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणी भरायची एवढेच ती सांगते. जमीन कोणाची हे ती सांगत नाही. कोकणात तर ही बाब अधिकच नाजूक आहे, कारण घर एकाचे आणि त्याखालची जमीन दुसऱ्याची, अशी उदाहरणे खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या, काळापासून चालत आलेली आहेत आणि खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ साली होऊनही त्यांतल्या कित्येक नोंदी आज इतर हक्काच्या रकान्यात तशाच उभ्या आहेत. म्हणून ताजा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावर वर्तुळांत ज्यांचे क्रमांक दिसतात ते सगळे जुने फेरफार काढून घ्यावेत आणि इतर हक्काचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचावा. तिथे कुळाचे नाव, एखाद्या सोसायटीचा जुना बोजा, खाजगी वनाचा शेरा किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरच्या बंधनाचा, उल्लेख असेल तर त्याचा निकाल गिऱ्हाईक येण्याआधी लावायचा असतो. गिऱ्हाईक आल्यावर लावायला गेलात तर भाव त्याच्या हातात जातो.

सातबाऱ्यावर आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव आहे, याचा अर्थ प्रश्न आपल्या तिघांपुरता नाही. जुन्या फेरफारांत थोरल्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. असे लिहिलेले आढळले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे, असे समजावे. तोंडी वाटण्या झाल्या असतील, तुमचे तिकडचे आणि आमचे इकडचे असे पन्नास वर्षे बिनतक्रार चालले असेल, तरी विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, आणि मग ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही असे चुलत चुलते हरकत घेऊन पुढे येतात. ती हरकत नेहमीच वाईट हेतूने असते असे नाही. त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

आत्या असतील तर त्यांचाही विचार करा. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीपासूनच सुरू झाला, असे अजून पुष्कळजण धरून चालतात. आजोबा १९५६ नंतर वारले असतील तर त्यांच्या वाट्याला त्यांच्या मुली हिंदू वारसा कायद्याच्या मूळ तरतुदीप्रमाणेच पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० मधल्या निकालाने मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतक्याच हिस्सेदार, मानून त्यापुढची पायरी गाठली. ज्या आत्यांना हिस्सा नको असेल त्यांचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्यावे. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद खरेदीच्या वेळी उपयोगाचा नाही.

आता जी गोष्ट दलाल शेवटपर्यंत सांगत नाहीत ती. आपल्याकडे पुष्कळ वाड्या गावठाणात नाहीत. घरे सातबाऱ्याच्या शेतजमिनीवरच उभी आहेत. अशी जमीन बिगरशेती झालेली नसेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ती शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग तिच्यावर घर असो वा नसो. म्हणजे मुंबईच्या ज्या गिऱ्हाइकासाठी काचा बसवायच्या, त्याच्या नावावर कुठेही शेतजमीन नसेल तर तो आपला गिऱ्हाईकच होऊ शकत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर महसूल संहितेप्रमाणे ठरलेली रक्कम भरून ती निवासी वापराला आणता येते. आपले घर त्या अंतरात बसते का, हे तहसील कार्यालयात आणि भूमी अभिलेखच्या नकाशावर पाहून घ्या. तसेच घराभोवतीचे चार-पाच गुंठे वेगळे विकून बाग ठेवण्याचा विचार मनात असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर कितपत येतो हे पोटहिस्सा पाडण्यापूर्वी विचारावे.

शेवटी हद्द कायम मोजणी. गडगा, म्हणजे आवाराची दगडी बांधबंदिस्ती, आहे म्हणजे हद्द आहे असे नाही. गडगे पिढ्यान्‌पिढ्या सरकत असतात. मोजणी होऊन क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की निम्म्या शंका बोलल्याशिवाय मिटतात.

चिरेबंदी

नोंदवही यांनी कागदांचे सांगितले आहे. मी गुहागर-दापोली भागात जुन्या घरांची डागडुजी करून देतो, म्हणून घरापुरते लिहितो.

दलालाने सुचवलेल्या चारही कामांतले एकही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घराच्या भिंती जुन्या पद्धतीने मातीत बांधलेल्या असतील, तर त्यांना आतून-बाहेरून श्वास लागतो. त्यांवर तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की चिऱ्यात शिरलेली ओल बाहेर पडायची थांबते, आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या पट्ट्यात एकाच पावसाळ्यानंतर रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटू लागतात. जानेवारीत रंगवलेले घर जुलैत दाखवावे लागले तर ते न रंगवलेल्या घरापेक्षा वाईट दिसते. चुन्याची सफेदी स्वस्त असते आणि भिंतीला मानवते. चिरा उघडा असेल तिथे सांध्यांतली सुटलेली माती खरवडून चुन्याने दर्जा भरून घ्यावा आणि चिरा तसाच उघडा ठेवावा. पडवी बंद केली तर माजघरातला वारा तुटतो आणि घर कोंदट होते. शिवाय शहरातला माणूस पैसे मोजतो ते त्या पडवीसाठीच.

पैसा घालायचाच असेल तर तो छपरात घालावा. कौले खाली उतरवल्यावर आढे, वासे आणि रिपा उघड्या पडतात, तेव्हा नुसते पाहून समाधान मानू नये. वासा मधोमध टणटणीत असतो आणि त्याचे भिंतीत गेलेले टोक मात्र कुजलेले असते, कारण पाणी तिथेच मुरते. सुताराला सांगून प्रत्येक वाशाच्या टोकाला पटाशी टोचून बघा. ती लोण्यासारखी आत गेली तर तेवढाच वासा ऐनाचा किंवा किंजळीचा बदलावा, सगळे छप्पर काढण्याची गरज नसते. खांबांच्या बुंध्याशी, दाराच्या चौकटींच्या मागे आणि माळ्यावर ठेवलेल्या जुन्या सामानाखाली वाळवीने केलेल्या मातीच्या नळ्या दिसतात. त्या पुसून टाकल्याने वाळवी जात नाही. खांबाला ठोकून आवाज पोकळ येतो का ते पाहावे आणि औषध फवारणीची पावती जपून ठेवावी, कारण खरेदीदार ती मागतो.

पत्र्यांबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. वादळानंतर या पट्ट्यात पुष्कळांनी पत्रे घातले ते केवळ कौले मिळेनात म्हणून नव्हे, वानरांमुळेही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पाच-पंचवीस कौले फुटलीच, आणि दर वर्षी कौले परतून देणारा माणूस आता वाडीत मिळत नाही. त्यामुळे पत्रे काढून सगळीकडे पुन्हा कौले घालणे सुंदर दिसले तरी व्यवहाराला धरून होईलच असे नाही. दर्शनी पडवीवर कौले घालावीत, मागचे पत्रे चांगले असतील तर राहू द्यावेत, आणि गिऱ्हाइकाने विचारल्यास खरे कारण सांगावे. गोठ्याच्या पडक्या भिंती मात्र उतरवून चिरे एका बाजूला रचून ठेवा. रचलेला चिरा हा माल दिसतो आणि पडलेला चिरा हा खर्च दिसतो.

भिंतीच्या पायथ्याकडेही एकदा वाकून पाहावे. पागोळ्या जिथे पडतात तिथून उडणारे पाणी खालच्या एक-दोन थरांचा चिरा खात जाते. बोटाने घासल्यावर लाल भुकटी सुटू लागली की तो चिरा बदलायला झाला. पागोळीखाली दगडाची पट्टी आणि पाणी उताराकडे काढणारी चर एवढ्यावर हे काम भागते.

विहिरीचा गाळ उपसून घ्या आणि मे महिन्याच्या अखेरीस पाणी किती राहते याची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा. खाडीजवळ पाणी मचूळ होण्याची शंका प्रत्येकाला येते, म्हणून त्याच सुमारास नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी कमाल मर्यादा १००० मिलिग्रॅम आहे. अहवाल चांगला आला तर तो रंगकामापेक्षा जास्त किंमत मिळवून देतो. नळ, संडास आणि न्हाणीघर मात्र नव्याने करून घ्यावे. बाकीचे घर जुने चालते, ही एक गोष्ट जुनी चालत नाही, विशेषतः घरातल्या बायकांना.

आणि आवाराची बेणणी करून घ्या, परंतु ती स्वतः करू नका. बंद घराच्या गडग्यात आणि पाचोळ्यात फुरसे, हा विषारी साप, असते. सवयीच्या माणसाकडून, दिवसाउजेडी, दिवाळीनंतर गवत वाळल्यावर हे काम करावे. मोजणीलाही तोच हंगाम बरा.

उधाण

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहितो. दापोली आणि गुहागर तालुक्यांत बरीच घरे पाहून शेवटी आम्ही एक घेतले, त्यामुळे गिऱ्हाईक काय पाहते ते थोडेफार सांगू शकतो.

ताजा रंग दिसला की माझ्या मनात पहिली शंका येत असे ती ओलीची. ज्या घरमालकाने छप्पर कुठे गळते, कोणती भिंत पावसात भिजते आणि विहीर कधी तळाला जाते हे आपणहून दाखवले, त्याच्याशी बोलणे पुढे गेले. चिरेबंदी यांच्या जवळपास सगळ्या म्हणण्याशी मी सहमत आहे. न्हाणीघराच्या बाबतीत मात्र नाही. विक्रेत्याने घाईने केलेले न्हाणीघर आम्ही पुन्हा फोडूनच घेतले असते, कारण जागा, उतार आणि शोषखड्डा यांविषयी प्रत्येकाची कल्पना वेगळी असते. असलेला संडास चालू आणि स्वच्छ असला, शोषखड्डा विहिरीपासून पुरेसा लांब असला, की तेवढ्यावर थांबून उरलेली रक्कम किमतीत कमी करून देणे दोघांच्या हिताचे आहे.

आमचे सर्वांत जास्त व्यवहार फिसकटले ते वाटेवरून. घर सुरेख, बाग सुरेख, आणि तिथवर जायला दोन परक्या आवारांतून गेलेली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. शेजारी म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या जाता-येता, आम्ही कधी अडवले का? खरे आहे, त्याने अडवले नाही. पण चिऱ्याची गाडी किंवा उद्या रुग्णवाहिका आत आणायची म्हटल्यावर तोच शेजारी काय म्हणेल हे कागदावर कुठेच नसते. आपल्या घरापर्यंत चारचाकी जात नसेल तर शेजाऱ्यांशी आजच, संबंध गोड असताना बोला आणि रस्त्याच्या हक्काचा लेख करून तो नोंदवता आला तर नोंदवा. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने सुखाधिकार, म्हणजे परक्या जागेतून जाण्या-येण्याचा हक्क, मिळतो हे कायद्यात आहे, परंतु तो सिद्ध करायला न्यायालयात जाणारे घर कोणी विकत घेत नाही.

महावितरणचे मीटर कोणाच्या नावावर आहे तेही पाहावे. आम्हाला एका ठिकाणी पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांच्या नावाचे बिल दाखवण्यात आले. त्यात गैर काही नव्हते, परंतु ते बघून आमच्या वकिलांनी बाकीचे कागद दुप्पट बारकाईने वाचले.

घर रिकामे करताना देवघरातले देव, ज्यांत कोणाचा जीव अडकला आहे अशी भांडी आणि झोपाळा आधीच उचलून न्यावेत. हा झोपाळा घरासोबत आहे का, या एका प्रश्नावर विक्रेत्याच्या बहिणी आपापसांत बोलू लागल्या आणि आम्ही ओटीवर अवघडून बसून राहिलो, हा प्रसंग आमच्यावर आला आहे. आवाराची देखभाल करणारा गडी मात्र आवर्जून भेटवा; आमच्या निर्णयात त्याचा वाटा मोठा होता.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. दलालाला तूर्त थांबायला सांगितले आहे. जुने फेरफार काढले, तेव्हा नोंदवही यांनी म्हटल्याप्रमाणे आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. असेच लिहिलेले सापडले. शिवाय इतर हक्कात कलम ४३ चा शेरा आहे, कारण जमीन मुळात कुळ म्हणून मिळालेली आहे. कलम ३२-म चे, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचे, प्रमाणपत्र आईच्या पेटीत निघाले, ते १९६० च्या दशकातले आहे. आजोबा १९७४ साली वारले. त्यांना दोन मुली, त्यांतल्या एक आत्या हयात आहेत आणि दुसऱ्या आत्यांची मुले मुंबईत आहेत. घर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असावे असे नकाशावरून वाटते, पण ते मोजून घेतलेले नाही.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भावाला कॅनडातून सहीसाठी यावेच लागेल का? खाडीजवळ असल्यामुळे सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची, अडचण येईल का? आणि खाडीच्या बाजूची झाडी खरोखर काढू नये का, कारण त्यातली काही झुडपे केवळ वाढलेली आहेत?

नोंदवही

झाडीपासून सुरुवात करतो, कारण तिथे एक कोयता चुकीचा पडला तर बाकीचे सगळे थांबेल. खाडीच्या काठावरची ती झुडपे खारफुटी असतील तर त्यांना हात लावू नये. खारफुटी किनारा नियमन क्षेत्रात सर्वाधिक संरक्षित प्रवर्गात येते आणि तिची तोड हा गुन्हा आहे. ओटीवरून पाणी दिसावे म्हणून केली, हा बचाव होत नाही. आवारातला फणस आणि आंबादेखील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणून तेही परवानगीशिवाय पाडू नयेत. रान, घाणेरी आणि वाळलेले गवत तेवढे काढावे.

सीआरझेडच्या बाबतीत २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात खाडीच्या काठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल तेवढा पट्टा ना विकास क्षेत्र, म्हणजे नवे बांधकाम न करण्याचा पट्टा, ठरतो. समुद्राच्या बाजूला विरळ वस्तीच्या गावांत तोच पट्टा २०० मीटरचा असतो. घर पट्ट्यात असले तरी विकता येते, आणि अधिकृत जुन्या घराची मूळ जोत्याच्या व चटईक्षेत्राच्या मर्यादेत दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीही करता येते. म्हणूनच घर जुने असल्याचा पुरावा फार मोलाचा आहे. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. त्याच्या आधीच्या वर्षांतला ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जे मिळेल ते काढा. गिऱ्हाईक तिथे बंगला किंवा रिसॉर्ट बांधायचे स्वप्न घेऊन आले असेल तर त्याला मर्यादा आधीच सांगितलेली बरी.

कलम ४३ च्या शेऱ्याने घाबरून जाऊ नये. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे उलटलेली असतील तर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या चाळीस पट नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरून अशी जमीन पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. घेणारा शेतकरी असणे आणि बाकीचे कायदे पाळले जाणे या अटी राहतातच. कोकणातली आकारणी रुपयांत मोजण्याइतकीच असते, त्यामुळे नजराण्याचा आकडा किरकोळ निघतो. प्रमाणपत्राची मूळ प्रत लॅमिनेट करू नका.

भावाला येण्याची गरज नाही. त्याने तिथे कुलमुखत्यारपत्र करून ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे किंवा त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा तिथल्या सरकारचा खरेपणाचा दाखला, घ्यावे, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. मुखत्यारपत्रात गट क्रमांक, क्षेत्र आणि विकण्याचा व रक्कम स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहावा. मोघम पत्र दुय्यम निबंधक परत करतात. त्याच्या वाट्याच्या रकमेवर मात्र खरेदीदाराला कर कापावा लागतो आणि त्याला ५० लाखांची मर्यादा लागू नाही, ती आपल्यासारख्या रहिवाशांना आहे. निव्वळ ग्रामीण शेतजमिनीला भांडवली नफ्याचा कर नाही. घर आणि बिगरशेती झालेली जागा मात्र करात येते. त्यात जमीन-घर जुने असल्यामुळे १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते आणि रहिवाशांना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के यांतला सोयीचा पर्याय घेता येतो, अनिवासी भावाला तो दुसरा पर्याय नाही. म्हणून आधी बिगरशेती करावी की शेतकरी गिऱ्हाईक शोधावे, हे बिगरशेतीची रक्कम भरण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटबरोबर बसून ठरवा. आणि विसार असो वा पूर्ण किंमत, २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेऊ नका. घेतलेल्या रकमेएवढाच दंड विकणाऱ्याला बसतो.

क्रम विचाराल तर आधी वडील, आजोबा आणि थोरले आजोबा या तिघांच्या वारसनोंदी कराव्यात. नोंद झाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. त्यानंतर आत्यांची आणि चुलत घराची हक्कसोडपत्रे किंवा वाटणीपत्र, मग मोजणी, आणि छपराचे काम मोजणीच्या आगेमागे. चुलत घरातल्या लोकांना काही हिस्सा द्यावा लागेल असे गृहीत धरूनच किंमत मनाशी बांधा. नोटीस त्यांच्या दारात जाणारच आहे. ती पोहोचण्याआधी आईला घेऊन तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन या.